शनिवारची कीर्तनकारीण

(गुडीहत्नूरजवळचं गाव. सप्त्याचा मांडव. शनिवार, दुपारचे चार.)

चंपतराव : …मंडल अध्यक्ष साहेब पाच वाजता येऊन राह्यले, वयनी, अन् तुमची कीर्तनकारीण म्हणते, दिवस बुडेपर्यंत पेटीले, माईकले हात लावत नाही!

गयाबाई : यहुदी हाय ती, भाऊजी. तिच्यातबी कीर्तन होते, पन शनवारी काम करत नाहीत.

चंपतराव : देवाचं नाव घेनं काम हाय का? आमचा इठोबा सातीही दिवस कमरेवर हात ठेवून उभा हाय. यहिचा देव सुट्टीवर जाते!

गयाबाई : कमरेवर हात ठेवून त तुमीबी उभे असता. पंगत बायाच वाढतेत.

चंपतराव : हासू नोका. अन् गानार कोनावर? म्हने रब्बीवर! आमाले रब्बी म्हंजे हरभरा.

शेगुलाबाई : आमच्यात धर्मगुरूला रब्बी म्हणतात, चंपतराव.

चंपतराव : आयकून राह्यल्या होत्या? बरं झालं. आताच्या बसनं आदिलाबादले निघा. म्या गुडीहत्नूरचे महाराज बलावतो.

शेगुलाबाई : बसमध्येही बसत नाही आज. हवं तर बाहेर लिंबाखाली बसते.

चंपतराव : घ्या! गाईनाबी अन् जाईनाबी! रब्बीनं हेच शिकवलं? मोठा मानूस दारी आला त बसून राहाचं?

शेगुलाबाई : एका रब्बीला सरदारानं असंच शनिवारी बोलावलं. म्हणाला, "माझं अंगण झाड. लोकांना तुझी लायकी कळू दे." रब्बी म्हणाला, "आज मी कोणाचाच चाकर नाही. उद्या येतो."

चंपतराव : अन् रातोरात पळाला असन. असे लय गुरू पाह्यले म्या. गादीवर वाघ, कामाले आजारी.

शेगुलाबाई : रविवारी पहाटेच झाडू घेऊन आला. सरदार झोपलेला होता.

चंपतराव : मंग? उठवलं?

शेगुलाबाई : नाही. बघायला कोणी नव्हतं, तरी सगळं अंगण झाडलं, सडा टाकला आणि निघून गेला.

चंपतराव : …येडाच होता.

गयाबाई : मंग उठले काऊन, भाऊजी? कुठं चालले?

चंपतराव : साहेबाले फोन लावतो. दिवस बुडल्यावर या म्हनतो.

शेगुलाबाई : आणि नाही आले तर?

चंपतराव : नाही आले त नाही. त्याहिची खुर्ची वयनीले बसाले होईन.