मशीन म्हणतं, शाबास!

नाही नाही, मी वाकलेलो नाहीये! ह्याला वाकणं म्हणत नाहीत, तुम्हाला सांगतो, ह्याला 'मणका सरळ ठेवून खाली जाणं' म्हणतात, आणि ते मला एका मशीननं शिकवलंय, कारण अख्खा जन्म टेबलावर वाकून पँटी कापल्या तो सगळा मी चुकीचा वाकलो होतो म्हणे! अहो, टेलर माणूस मी, कापडावर वाकणार नाही तर काय कापडाला वर बोलावू? पण कंबर धरली ती धरलीच. गोळ्या झाल्या, मलम झालं, शेक झाला, ज्यांना कधी शिंकसुद्धा आली नाही त्यांचे सल्ले झाले... शेवटी डॉक्टर म्हणाले, 'हाडात काही नाही, तुमची हालचाल बिघडलीय, ती नव्यानं शिकावी लागेल.' आता बोला! ह्या वयात आमची शाळा सुरू!

तर डॉक्टरांनी जिथं धाडलं ते केंद्र. गुळगुळीत फरशी, भिंतीएवढा पडदा, आणि फिजिओथेरपीवाली एक पोरगी, माझ्या मुलीच्या वयाची, स्वभावानं गोड, उगाच का नावं ठेवू? तिनं माझ्या पाठीला, मांड्यांना पट्टे बांधले, पट्ट्यांत कसलेसे सेन्सर, आणि म्हणाली, 'काका, समोर बघा.' बघतो तर पडद्यावर काड्यांचा एक माणूस! मी हात हलवला, त्यानं हलवला. मी डोकं खाजवलं, त्यानं खाजवलं. 'काका, तो तुम्हीच!' म्हटलं, बाई गं, मग माझं पोट कुठं गेलं? ती हसली आणि म्हणाली, आता वाका. वाकलो मात्र, काड्यांचा माणूस लालेलाल, आणि मशीन ओरडतंय, 'पाठ सरळ ठेवा! पाठ सरळ ठेवा!' अरे बाबा, ठेवता आली असती तर मी तुझ्या दारात कशाला आलो असतो?

पण मीही हट्टाला पेटलो. रोज जायचं, रोज लाल व्हायचं, आणि शेवटी एक दिवस तो काड्यांचा माणूस हिरवागार झाला आणि मशीन म्हणतं, 'शाबास!' पोरीनं टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, 'बाई, दुखतंय.' 'कुठं?' 'होतं तिथंच.' ती माझ्याकडे बघते, पडद्याकडे बघते, पुन्हा माझ्याकडे... 'पण काका, हिरवं आहे!'

आता हिरव्याशी कोण भांडणार?

मग घरी घालायला एक पट्टा दिला, वाकडं झालं की कमरेशी गुरगुरणारा. चप्पल घातली, गुर्रर्र. दाताला ब्रश लावला, गुर्रर्र. बायको म्हणते, 'जन्मात माझं कधी ऐकलं नाहीत, पट्ट्याचं बरं ऐकता!' म्हटलं, तू गुरगुरत नाहीस ना, तू एकदम चावतेस... दोन दिवस अबोला. पण शिकलो हो! पट्टा गप्प झाला. कंबर तेवढी बोलत राहिली, आणि केंद्रात गेलं की मशीन म्हणतं, 'शाबास!'

एवढ्या शाबासकीवर दुकानात गेलो. आमचं दुकान म्हणजे बोळच, मी आणि धाकटा भाऊ समोरासमोर. मणका सरळ ठेवून खाली जायचं म्हणजे बूड मागं जातं, आणि मागं अस्तरांचं कपाट! धाड! सगळी अस्तरं अंगावर. कपाट सरकवलं, खडूनं आखलं, कात्री धरली... तर हात माझा नाहीच! इतकी वर्षं वाकड्या पाठीनं सरळ कापत होतो, आता सरळ पाठीनं वाकडं कापायला लागलो. एका पँटीचा एक पाय घोट्याच्या वर, दुसरा बुटाच्या खाली. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणतंय, 'मास्टर, माझे दोन्ही पाय सारखे आहेत हो!' आणि दुखत होतं, बरं का. म्हटलं, पूर्वीसारखं वाकून बघू. तेही जमेना! पाठ आपोआप सरळ! मशीननं जुनं पुसलं, नवं घातलं, आणि दुखणं तेवढं जसंच्या तसं ठेवलं.

मला बाकी काही नको होतं हो. नुसती कात्री हवी होती. धाकट्यानं ती उचलली आणि आपल्या बाजूच्या खिळ्याला अडकवली. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही चार शब्द सुनावले असते. तो हळूच म्हणाला, 'दादा, तू बस. तू काजं कर.' मी... काजं केली.

पोरीला सांगितलं. ती म्हणाली, 'काका, दुखणं आता मेंदूच्या सवयीचं आहे. मेंदू हळूहळू विसरेल.' विसरेल? अहो, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारा मेंदू माझा, बायकोचा वाढदिवस विसरणारा, आणि नेमकं हे एवढंच पाठ झालंय त्याला!

मग तीच म्हणाली, 'काका, सकाळी येऊन नव्या पेशंटांना वाकून दाखवाल? तुमच्याइतकं सुंदर कुणीच वाकत नाही. त्यांना धीर येईल.' धाकटा म्हणाला, 'जा ना दादा, दुकानात तुझ्यावाचून काय अडतंय!' चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून तर जास्त लागलं.

तर सध्या ते काम आहे. पट्टे बांधतो, वाकतो, हिरवा होतो, मशीन म्हणतं, 'शाबास!' आणि नवे पेशंट आ वासून बघतात. काल एक सुतार आला होता, भिंत धरून उभा. पोरगी फोनवर गेली तसा सरकला जवळ आणि कानात म्हणतो, 'मास्टर, खरं सांगा, दुखायचं थांबतं ना?'

आता त्याचा तो चेहरा... काय सांगणार होतो मी? म्हटलं, 'थांबतं की! हा बघा!' आणि आणखी खाली गेलो, पार फरशीला हात टेकवले. तो इतका खूश झाला, इतका खूश झाला, की लगेच पट्टे बांधून घ्यायला धावला.

मी तसाच खाली. वर येता येईना, आणि पडदा हिरवागार.