चौथऱ्यावरचं विमान

मंडळी, ऐका! आज मी चिडून उभा आहे, आधीच सांगून ठेवतो. प्रश्न एकच — ज्याला स्वतःचं घर राखायचंय, त्यानं दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यावं का? लगेच माना डोलवू नका. गोष्ट ऐका, मग डोलवा.

युरोपात एक देश. नाव विचारू नका, कीर्तनातला देश आहे, नकाशात सापडायचा नाही! तिथं टोरवाल्ड नावाचा कारागीर लढाऊ विमानं बनवायचा. विमान लहानसं, पण साध्या डांबरी रस्त्यावर उतरायचं. आणि त्यांच्या कारखान्यात एक रीत होती — ज्यानं विमान जोडलं, त्यानं पहिल्या उड्डाणात वैमानिकाच्या मागं बसायचं! नट ढिला राहिला तर दोघंही खाली. मग कोण ठेवतोय ढिला?

पण पिकतं तिथं विकत नाही! संरक्षणमंत्री हेनिंग म्हणाले, आपलं विमान गावठी, अमेरिकेचं घेऊ. टोरवाल्डनं भर सभेत विचारलं, याचा बनवणारा पहिल्या उड्डाणात मागं बसतो का? सभा हसली. अहो, मागं सीटच नव्हती! त्यानं पुढं विचारलं, मग हे उडतं कुणाच्या हुकमानं? साहेब म्हणाले, अमेरिकेतल्या संगणकाकडून रोज परवानगी येते, ती आली की उडायचं. मित्र आहेत आपले, येणारच की!

अमेरिकेची विमानं आली, टोरवाल्डच्या कारखान्याला कुलूप लागलं. पत्रा कापणारा बस चालवू लागला, वायरिंग करणारी पाव भाजू लागली. शेवटचं विमान चौकात चौथऱ्यावर बसवलं, वर फुलं वाहिली. वापरायचं सोडलं की पुतळा करायचा, ही खोड फक्त आपलीच नाही बरं!

टोरवाल्डची लेक मारेन. ती त्या देशाच्या एका बेटावर पहाऱ्याची प्रमुख होती. बेटावर चाळीस कोळी कुटुंबं. एका सकाळी शेजारच्या राजाची जहाजं चालून आली. मारेननं रेडिओवरून विमानं मागितली. चोवीस विमानं तयार, वैमानिक आत बसलेले — आणि परवानगी येईना! का? त्याच आठवड्यात या देशानं अमेरिकेच्या एका मागणीला नाही म्हटलं होतं. मित्र रुसला. रुसेल नाहीतर काय! मला राग त्याचा नाही येत. घराची किल्ली त्याच्या हाती देऊन निवांत झोपणाऱ्यांचा येतो!

हेनिंग धावत टोरवाल्डच्या दारात आले. चौकातलं विमान उडव म्हणाले, हात जोडले. टोरवाल्डनं त्यांना चौकात नेलं आणि विमानाचं झाकण उघडलं. आत इंजिन नव्हतं. लोकांनी वर चढून फोटो काढावेत म्हणून पोटात सिमेंट भरलेलं होतं.

"साहेब," टोरवाल्ड म्हणाला, "हे सिमेंट तुमच्या सहीनं भरलंय. माझी लेक तिकडं वाट बघतेय. तिला रेडिओवर तुम्हीच सांगा."

साहेबांनी सांगितलं. पलीकडून मारेननं एवढंच विचारलं, "मग या कोळ्यांना मी काय सांगू?" साहेबांनी रेडिओ बंद केला. दुपारपर्यंत बेट गेलं. कोळ्यांची घरं जळाली, मारेनला बेड्या घालून नेलं. टोरवाल्ड चौकात त्या विमानाला टेकून बसला होता, त्याला कुणी उठवायला गेलं नाही.

हळहळू नका! मला तुमची हळहळ नको. तुमच्याच गावात शिवलिंग लोहारानं पेरणीयंत्र बनवलं. दोन हंगाम चाललं. तुम्ही त्याला हसलात, बाहेरचं चकचकीत आणलंत. यंदा ऐन पेरणीत ते बंद पडलं. कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला, तोवर शेतातली ओल उडून गेली. मधल्या दिवसांत शिवलिंगच्या दारात गेला होतात ना? काय दिसलं? थंड भट्टी! भाता त्यानं कधीच मोडीत काढलाय.

तो आज मागं खांबापाशी बसलाय. भजन नंतर होईल. आधी मागं वळा, आणि त्याच्या नजरेला नजर देऊन दाखवा.