मंदीच्या भीतीनं लावलेला शिवणक्लास

अरे, मी सातपूरच्या कारखान्यात फिटर होतो ना, तेव्हा पहिल्या मंदीत आम्हाला चार महिने घरी बसवलं होतं. हाताला दुसरं कामच येत नव्हतं. म्हणून अमेरिकेत बँका बुडाल्याच्या बातम्या आल्या, तसा मी सावध झालो आणि इंदिरानगरात शिवणक्लास लावला. पंधरा बायका आणि मी एकटा बाप्या. क्लासच्या बाई म्हणाल्या, "लाजू नका भाऊ, मशीनला काय कळतंय कोण चालवतंय ते."

पहिला ब्लाउज बायकोचा शिवला. दोन्ही बाह्या उलट्या लागल्या. ती शांतपणे म्हणाली, "मंदी आली तर आपण एक वेळ जेवू, पण तुम्ही लोकांचे कपडे शिवायला घेऊ नका."

त्याच आठवड्यात मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, गेली नोकरी. साहेबांनी आधी दार लावून घेतलं.

"तुम्ही शिवणक्लासला जाता म्हणे?"

"हो साहेब, पण ड्युटी संपल्यावरच."

साहेबांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिथं अजून एका पुरुषाला घेतील का, जरा विचारून बघा."