गळालेली बारस

(ओट्यावरचा कुकर शिट्टी न देता नुसताच फुसफुसतो, आणि बोलता बोलता सासू-सुना तिकडे वळून बघतात. नात आरोही कोपऱ्यात चित्र काढत बसलीय.)

सत्यवती : शिटी धरत न्हाय तो आता. रबर गेलाय. तू बोल. काय सांगत व्हतीस?

तेजस्वी : काही नाही, आई. सव्वानऊ झाले म्हटलं. दहाला निघते. साडेदहाला मुलाखत.

सत्यवती : मुलाखत फोनवर ना? मंग धक्क्यावर कशाला जातेस? इथं पंख्याखाली बसून बोल की.

तेजस्वी : नुसती मुलाखत नाही ती. आधी दहा मिनिटं शिकवून दाखवायचं. विद्यापीठानं या वर्षी नवा विभाग काढलाय, वर्गाबाहेर नव्या पद्धतीनं शिकवणाऱ्यांचा. तिथले तीन सर फोनवरून बघणार.

सत्यवती : न तू काय दाखवनार?

तेजस्वी : भरती. तुम्हीच शिकवलंत की मला. तिथीची पाऊणपट केली की भरती पुरी होण्याची वेळ येते. आज चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. कॉलेजच्या मुलांनी सकाळीच जाऊन धक्क्याच्या पायरीपाशी काठी रोवलीय, तिच्यावर खुणा केल्यात. मी बोलत असतानाच पाणी चढायचं थांबणार आणि उतरायला लागणार. सरांच्या डोळ्यांदेखत! म्हणून तर साडेदहाची वेळ मागून घेतली.

सत्यवती : आज चवदस?

तेजस्वी : हो.

सत्यवती : कुनी सांगितलं?

तेजस्वी : मोजलं मी. बोटांवर. अर्ज भरला त्या बुधवारी अष्टमी होती. गुरुवारी नवमी, शुक्रवारी दशमी, शनिवारी एकादशी, रविवारी बारस, काल तेरस, आज... आई, अशा काय बघताय?

सत्यवती : रविवारी बारस नव्हती गो.

तेजस्वी : म्हणजे?

सत्यवती : शनवारी माझी एकादस. रविवारी उठून बगते तं तेरस. बारस गळाली. शेजारच्या नामाच्या बायकोला बोल्ले पन मी, या पंधरवड्यात बारस गळालीय म्हनून. आज आवस हाय, पोरी.

तेजस्वी : नाही हो. कॅलेंडर कुठंय? आरू, भिंतीवरचं कॅलेंडर तू काढलंस?

आरोही : मागे कोरं असतं ना. मी बोट काढतेय.

तेजस्वी : इकडे आण. मंगळवार बघ. मंगळवारच्या घरात काय आहे?

आरोही : काळा गोल. तो मी नाही काढला, मम्मी.

तेजस्वी : अगं बाई. अमावास्या.

सत्यवती : पंधराची पाऊनपट कर.

तेजस्वी : सव्वाअकरा. पाऊण तासाचा फरक. आई, मी अर्जात छातीठोक लिहिलंय, साडेदहाला पाणी वळेल म्हणून.

सत्यवती : अर्जाचं र्‍हाऊ दे. पोरं कुठल्या पायरीवर उभी हायेत?

तेजस्वी : वरून तिसऱ्या.

सत्यवती : डोकं ठिकानावर हाय का तुझं? पावसाळ्यातली आवस न तिसरी पायरी? उधानाचं पानी पार वरच्या पयल्या पायरीला लागतं. फोन लाव!

तेजस्वी : लावते, लावते. हॅलो, प्राची? कुठे आहात तुम्ही? आत्ताच्या आत्ता वर या. सगळे. पार वर, दीपस्तंभाच्या कट्ट्यावर. काठी सोड गं, वाहून गेली तर जाऊ दे! दिपेश कुठाय? त्याला आधी वर घे. मोज आणि सांग मला. हं. अकरा? बारावा कोण? चहाला गेलाय? नक्की? बरं. तिथंच बसा. कुणी खाली उतरायचं नाही. मी येते.

सत्यवती : आली वर?

तेजस्वी : आली. दुसरी पायरी ओली झाली म्हणाली. निघतेच मी.

सत्यवती : पानी पी. बस खाली. म्हसळ्याच्या भातवाल्यांची पोर तू. तुमच्याकडं आवस पानी घेऊन येत न्हाय, तुला काय म्हाईत.

तेजस्वी : भूगोल शिकवते मी! सहा वर्षं! आणि फोनवर बघितलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं. पण मुलांना फुशारकीनं सांगितलं, फोन बघायचा नाही, तिथीवरून काढायचं.

सत्यवती : आता त्या सरांना कळव. बोल, पोटात दुखतंय. उद्या करू.

तेजस्वी : उद्या नाही, आई. दोनशे अर्जांतून सहा जणांना बोलावलंय. आज हुकलं की संपलं.

सत्यवती : संपलं तं संपलं. इथं हाय की कालेज.

तेजस्वी : कुठाय? काल वेळापत्रक लागलं. भूगोलाला बारा मुलं आलीत. माझे आठ तास होते, चार केले. प्राचार्य म्हणाले, मॅडम, पुढच्या वर्षी विषयच राहील की नाही सांगता येत नाही. दर जूनला नवी मुलाखत, दर जूनला तेच, बघू, कळवू. मला एकदा तरी वर्षाच्या सुरुवातीला माहीत असायला हवं, की वर्षाच्या शेवटी मी तिथं आहे.

सत्यवती : मंग ऐक. साडेदहाला फोन काठीसमोर धर न बोल, वळलं पानी. शेरातल्या सरांना फोनात काय कळतंय, चढतंय का उतरतंय?

तेजस्वी : आणि मुलांना? बारा जणं डोळे लावून बसतील.

सत्यवती : पोरं काय, गप र्‍हातील. मॅडमची पोरं ती.

तेजस्वी : म्हणून तर नको.

सत्यवती : मंग खरं सांग. बारस गळाली, न मी ती मोजली, असं.

तेजस्वी : हसतील. म्हणतील, बाईंना तिथी मोजता येईना आणि निघाल्या नवीन पद्धत शिकवायला.

सत्यवती : तुझ्या सासऱ्याला कोन हसलं? अशीच तिथी चुकलेली, एकच तिथी दोन दिस आलेली न ह्यांनी पुढची धरलेली. ह्यांना वाटलं, पानी अजून चढतंय. खाडीच्या तोंडाशी निवांत विडी ओढत बसले, न पानी गेलं निघून. आख्खी रात बोट रेतीवर. हा तुझा विनेश तवा सात वर्साचा, बापाच्या संगती गेलेला. मी हितं दारात. कुनी बोलं बुडाली, कुनी काय.

तेजस्वी : मग?

सत्यवती : सकाळी पुढच्या भरतीला आले. तवापासून मरंस्तोवर, उठले की पयली तिथी बोलायची मोठ्यानं, मंग च्या. घरात सगळ्यांनी ऐकायची. कुनी चुकलं तं दुसरा धरील म्हनून.

तेजस्वी : हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत.

सत्यवती : तू इचारलंस कवा? पाऊनपट लिवून घेतलीस न गेलीस स्कूटरवर.

तेजस्वी : खरंय.

सत्यवती : रडू नको. काजळ जाईल.

तेजस्वी : आई, तुम्ही चला माझ्याबरोबर. हे असंच्या असं सांगा. आधी मी सांगते माझं कुठं चुकलं, मग मुलं नव्यानं वेळ काढतील, आणि मग तुम्ही.

सत्यवती : मी? सरांसमोर? अर्जात माझं नाव लिवलंस?

तेजस्वी : स्थानिक जाणकार, असं लिहिलंय.

सत्यवती : जानकार. न जानकाराला नाव न्हाय?

तेजस्वी : भीती वाटली. म्हणतील, बाईंनी घरचंच माणूस आणलं. चुकलंच माझं ते. आज सांगेन ना. सत्यवती, माझ्या सासूबाई, असं पहिल्या वाक्यात सांगेन.

सत्यवती : पयल्या न्हाय. पयलं तुझं बोल. माझं मागनं येऊ दे. हिरवं लुगडं काढते थांब, सुकटीचा वास मारत असंल याला. न तेजू...

तेजस्वी : काय?

सत्यवती : मिळालं तं कवा जायाचं?

तेजस्वी : एक तारखेला. दोन वर्षांसाठी. शनिवारी संध्याकाळी यायचं, सोमवारी पहाटेच्या एसटीनं परत.

सत्यवती : विनेश न्हावा शेव्याला, पंधरा दिसांनी तोंड दाखवतो. आता तू. न ही आरू?

तेजस्वी : वसतिगृहात खोली देतात. मूल ठेवता येत नाही. विचारलं मी, दोनदा विचारलं.

सत्यवती : म्हंजे मीच. बरं. वेणी तेवडी नीट घालता येत न्हाय मला, बोटं वळत न्हायत.

तेजस्वी : आई, नका म्हणालात तर आत्ता फोन करते त्यांना. खरंच.

सत्यवती : मी कशाला न्हाय बोलू? ह्यांना रेतीतनं सोडवायला पुढची भरती यावी लागली. तुझी आलीय तं जा. आरू, इकडं ये. मम्मीची परीक्षा हाय. देवाला हात जोड न बोल, मम्मीला पास कर.

आरोही : पास झाली की ती जाणार?

सत्यवती : ऐकत व्हतीस व्हय गो कोपऱ्यात?

आरोही : नापास झाली की इथंच राहणार?

तेजस्वी : आरू, वेणी सुटलीय बघ तुझी. ये, बस माझ्यापुढे.

आरोही : पण मम्मी, तुला पास व्हायचंय ना?

तेजस्वी : हो गं. खूप.

आरोही : मग मी देवाला काय सांगू?