हुकूम कोणाचा?

लंडनमधल्या हॅरोहून निघालेल्या ट्रेनमध्ये माझ्यासमोर एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. नातीच्या मांडीवर इतिहासाची वही होती.

“आबा, जपानी लोक मलायात आले, तरी सुलतान सुलतानच राहिला?”

“राहिला की. सिंहासन त्याचं, पिवळी छत्री त्याची. हुकूम तेवढे जपान्यांचे.”

“आणि त्याच्या आधी, ब्रिटिश होते तेव्हा?”

“तेव्हा ब्रिटिशांचे. फक्त ते त्याला सल्ला म्हणायचे.”

“मग सुलतान काय करायचा?”

“मान डोलवायचा.”

“सेम तुमच्यासारखं!”

“माझ्यासारखं कसं गं, ईरा?”

“आई रोज विचारते, बाबा, डिनरला काय करू? तुम्ही म्हणता, भरली वांगी. आणि टेबलवर येतं ब्रॉकलीचं सूप!”

“अगं, पण विचारते ना? त्या बिचाऱ्या सुलतानाला तेवढंही कोणी... थांब, तिचाच फोन आहे. हां मीनल, बोल. डिनरला? ब्रॉकलीचं सूप कर. हो हो, सूपच. ठेवतो.”

“आबा! तुम्हाला तर ते अजिबात आवडत नाही!”

“नाहीच आवडत. पण आजचा हुकूम माझा होता.”