ज्येष्ठांची सवलत

तुम्हीच सांगा, यात माझं काय चुकलं? मुलुंडला नाटकाच्या तिकीट खिडकीवर ज्येष्ठांना निम्मा दर होता. पेन्शनीत आम्हाला नाटक परवडतं ते तेवढ्यामुळेच. मी सत्तरचा, ही सदुसष्टची. मी माझं आधार कार्ड पुढे केलं.

खिडकीतला माणूस म्हणाला, "आजोबा, सवलत तुम्हाला. मुलीचं पूर्ण तिकीट लागेल."

"अहो, ही माझी..." म्हणेपर्यंत हिने आपलं कार्ड पर्समध्ये टाकून चेन लावलीसुद्धा.

"अगं, दाखव ना कार्ड!"

मी पीएचडी झालेला माणूस, पण मला काही कळेचना. मी इतका म्हातारा दिसतो?

ही खिडकीत वाकून म्हणाली, "पूर्णच द्या हो. आणि पुढची महागातली रांग द्या. बाबांना जरा कमी ऐकू येतं."