पंतांच्या भक्तीचं माप

मंडळी, ऐका! आज प्रश्न सोपा आहे. भक्ती मोजता येते का? ताप मोजतो, साखर मोजतो, शेजाऱ्याकडे पाहुणे किती उतरले तेही आपण खिडकीतून मोजतो — मग भक्ती का नाही? हसू नका! आंबवलीत खरोखर मोजली.

आंबवलीच्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाचे मुख्य पंच विश्वंभरपंत केळुसकर. आवाज असा, की आरती सुरू झाली की पिंपळावरची वटवाघळं जागा बदलायची! या पंतांना ब्लडप्रेशर. पण चातुर्मासात, अशाच भरल्या सभामंडपात त्यांनी जाहीर केलं, "मी गोळी सोडली! नाम हेच औषध!" कडाडून टाळ्या! टाळ्यांनी माणूस फुगतो, मंडळी. मग प्रेशर काय मागे राहतं?

घरात सुलभाताई. पहाटे उठून आधी नवऱ्याचा श्वास चाललाय ना बघायची, मग चहाचं आधण ठेवायची. गोळी पदराच्या गाठीत बांधून दिवसभर मागे मागे. "अहो, घ्या ना! देव रागावणार नाही."

"देवाचं सोड. लोक हसतील!"

ऐकलंत? चुकून खरं बोलले पंत. एकदा तिच्या मनात आलं, गोळी शिऱ्यात कालवावी. पण शिरा आधी नैवेद्याला — आणि देवाचं प्रेशर उतरलं तर जग चालवायचं कोणी? राहून गेलं. पण भीती खरी होती हो. याच दुखण्याने सासऱ्यांचं अर्धं अंग गेलेलं तिने पाहिलं होतं.

अशात शहरातून आगाशे डॉक्टरबाई आल्या. धार्मिक माणसाची प्रकृती खरंच बरी राहते का, याचा त्यांचा अभ्यास. आधी प्रश्न विचारायचे, उत्तरांना गुण द्यायचे, मग दंडाला पट्टा बांधून प्रेशर बघायचं. पंत म्हणाले, "दवाखान्यात नको. इथेच मोजा, देवासमोर, आरतीच्या वेळेला! सगळ्या गावाला दिसू दे."

इथे फसले! त्या देवळात आरतीचं ताट धरायचा मान केळुसकरांचा. पण कुठल्या केळुसकरांचा? एक वर्ष पंतांची पाळी, एक वर्ष धाकट्या भार्गवची. भाऊ सख्खे, अंगण एक, चुली दोन आणि बोलणं बंद — याच ताटापायी! अन् गुण मिळवायच्या नादात पंत विसरले, की पाळी आजच बदलायची होती.

बाईंनी विचारलं, "काका, नामस्मरण?"

"अखंड!"

"मनाला शांती?"

"अथांग!"

"ज्यांनी तुम्हाला दुखावलं, त्यांना क्षमा केलीत?"

"सगळ्यांना! केव्हाच!"

पैकीच्या पैकी गुण, मंडळी! बाईंनी पट्टा बांधला, यंत्र सुरू केलं... आणि तिकडे भार्गवने ताट उचललं.

पंतांचा डोळा ताटावर, बाईंचा आकड्यावर. आकडा चढतोय, चढतोय — एकशे नव्वदच्याही वर! "काका, गोळी घेता ना?"

पंत उसळले, "यंत्र खोटं आहे!" ताडकन उभे राहिले आणि भोवळ येऊन खांबाला टेकले.

तेव्हा सुलभाताई पुढे झाली. सगळ्यांदेखत पदराची गाठ सोडली. "लोक बघताहेत ना? बघू देत. मामंजींना मी घास भरवले, अंग पुसलं. तुमची ती अवस्था मला बघायची नाही हो!" आणि रडली. गावासमोर पहिल्यांदा रडली.

भार्गवने काय करावं? पेटलेली निरांजनं तशीच, ताट खाली ठेवलं! आरती थांबली! तीर्थाचं भांडं घेऊन भावासमोर उभा राहिला.

"दादा, हात पुढे कर."

पंतांनी गोळी तोंडात टाकली. हात पुढे केला. भार्गवने पळीभर तीर्थ घातलं आणि गोळी गेली पोटात. बाईंनी लगेच त्यांना गाडीत घातलं. शेजारी कोण बसला? भार्गव.

महिन्याने बाईंनी पुन्हा मोजलं. आकडा उतरलेला! कशाने उतरला? बाई म्हणाल्या, रोजच्या गोळीने. सुलभाताई म्हणाली, देवाने. गाव म्हणालं, भाऊ बोलायला लागले म्हणून. आणि पंत? पंत आजही छातीठोकपणे सांगतात, "नामाने!"

हसलात? पोटभर हसा. आता आरती आहे. ताट कोणी धरायचं यावरून दुपारी तुमच्या पंचांत जे झालं, ते मी ओवरीत जेवताजेवता ऐकलंय. घास अडकला माझा! म्हणून कीर्तनाआधीच तुमच्या गावच्या डॉक्टरांना बोलावून घेतलंय. ते बघा, खांबापाशी बसलेत. मांडीवर यंत्र आहे.

ताट इथे आहे. ज्याचा मान असेल त्याने पुढे यावं... आणि आधी बाही वर करावी!